टिपका गोल आहे

मेश्राम पिस्तूल उचलत, नेम धरत, दोन-तीन श्वास तसेच उभे राहत आणि गोळी न झाडताच हात खाली आणत. दहा गोळ्यांच्या फैरीत असं चार-पाच वेळा तरी व्हायचं. शेजारच्या खणात मी तोवर माझ्या दहाच्या दहा उडवून मोकळा झालेला असे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, घाबरला बिचारा. आवाजाला दचकत असेल. मी मोठेपणा घेऊन म्हणालो, "मेश्राम, सुरुवातीला होतं असं."

त्यांनी आवाज अडवणारा कानावरचा डबा एका बाजूने उचलला आणि हसून म्हणाले, "घाबरून नाही ठेवलं ना बापा. नेम बसला नव्हता. न मारलेली गोळी कधी चुकत नाही."

मग पुन्हा हात वर केला, आणि या वेळी झाडली. निशाण्याचा कागद जवळ आला तेव्हा त्यांची सगळी भोकं एका वाटीखाली झाकली गेली असती. माझी झाकायला परात लागली असती. त्या दिवसापासून मी त्यांचा हेवा करू लागलो. पुढची चार वर्षं त्यात खंड पडला नाही.

मेश्रामांना त्या क्लबात मी नेलं होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते कोणालाच आठवत नसे. दोन हजार तेरा-चौदाच्या सुमाराची गोष्ट. जर्मनीत नेकारसुल्मच्या मोठ्या मोटार कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत आम्ही दोघं होतो. मी खरेदी विभागात, मूळचा पुण्याचा. ते मोजमाप विभागात, नागपूरचे, आधी काही वर्षं बॉनला काढून इकडे आलेले. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठे. बारीक अंगाचे, सावळे, इस्त्रीचा शर्ट आणि खिशात कायम पेन्सिल. त्यांचे वडील विदर्भातल्या एका दारूगोळा कारखान्यात मापं तपासायचे. मुलगा जर्मनीत येऊन तेच करत होता. "आमच्या घराण्यात कोणी काही बनवलं नाही," ते म्हणायचे. "दुसऱ्यानं बनवलेलं बरोबर आहे का, एवढंच पाहत आलो."

आमचा नेमबाजीचा क्लब द्राक्षमळ्यांच्या टेकडीखालच्या एका गावात होता. जर्मनीत गावोगावी असे फेराइन असतात. कुठे गाण्याचे, कुठे कबुतरांचे, कुठे बंदुकीचे. मी तिथे शेजाऱ्याच्या आग्रहाने गेलो आणि रमलो. बंदुकीपेक्षा एका गोष्टीत जास्त रमलो: तिथे मी एकटाच भारतीय होतो. अध्यक्ष क्युब्लर, सत्तरीचे, मळ्याचे निवृत्त मालक, माझी ओळख करून देताना "आमचा इंडियन" म्हणायचे. मला त्याचं भारी अप्रूप. पुण्यात मला "आमचा" म्हणणारी माणसं आईवडील धरून सहा होती.

मेश्राम आले आणि सहा महिन्यांत "आमचा इंडियन" म्हटलं की लोक विचारू लागले, "कोणता?" वर्षभराने तेही विचारेनासे झाले, कारण उत्तर ठरलेलं होतं.

क्लबाच्या भिंतीवर खुंट्यांची एक फळी आहे. सभासद मुरला की त्याच्या नावाचा मातीचा मग तिथे टांगतात. माझा मग टांगला जायला तीन वर्षं लागली होती. मेश्रामांचा चौदा महिन्यांत लागला. तोही खिडकीजवळच्या खुंटीवर, जिथे ऊन येतं. मी महिने मोजले होते, हे कबूल करतो. मेश्रामांना त्या मगाचं विशेष काही वाटलं नाही. ते त्यातून बिअर पीतच नसत. थर्मासमधून आणलेला, आलं ठेचून घातलेला चहा त्यात ओतायचे आणि शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यांनाही द्यायचे. बघता बघता शनिवारी दुपारी निम्मा क्लब चहा पिऊ लागला. आलं घातलेली चहाची पावडर मी माझ्या तिसऱ्याच महिन्यात नेली होती. ती अजून तिथल्या कपाटात पडून आहे.

त्यांना कार्डं लिहायची सवय होती. मोजमाप विभागात प्रत्येक उपकरणाला तपासणीचं कार्ड असतं: वस्तू काय, माप काय, दोष काय, तपासणारा कोण, आणि शेवटी शेरा. मेश्राम ही कार्डं घरीही वापरायचे. थर्मासला होतं, सायकलला होतं. आमच्याकडे जेवायला आले तेव्हा माझ्या बायकोने, मृणालने, कुकर नीट चालत नाही अशी तक्रार केली. मेश्रामांनी स्वयंपाकघरात उभं राहून पूर्ण डाळ होईपर्यंत कुकर ऐकला आणि कार्ड लिहून दिलं. शेरा होता, "शिट्टी उशिरा होते, पण होते. संशय घेऊ नये." मृणालने ते कार्ड फ्रीजवर लावलं. फ्रीजवर माझा एक फोटो होता, तो त्यासाठी थोडा सरकवावा लागला.

आणि सई. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये. मी "जेवलीस का?" विचारलं की "या, शोन," म्हणजे "हो, झालं." संपलं. मी गोष्टी सांगून पाहिल्या, रागावून पाहिलं, बक्षिसं लावली. मेश्राम घरी आले की ही पोरगी दाराशी धावायची आणि म्हणायची, "काका, मी चित्र काढून राहिली, तुम्ही पाहाले या ना." माझ्या घरात, माझ्या मुलीच्या तोंडून पहिलं आपखुशीचं मराठी निघालं ते नागपूरचं. मृणाल हसून हसून खाली बसली. मी "पाहाले नाही, पाहायला" असं म्हणालो, आणि सई परत जर्मनमध्ये गेली.

हेव्याबद्दल लिहायचंच तर अर्धवट लिहून उपयोग नाही. हा माणूस माझ्या पुढे जातो याचा जो राग यायचा, त्यात नुसती नेमबाजी, मग आणि कुकर नव्हता. दर एप्रिलमध्ये मेश्राम स्टुटगार्टला बाबासाहेबांच्या जयंतीला जायचे, आम्हालाही बोलवायचे. मृणाल आणि सई जायच्या. मला दर वर्षी नेमकं काहीतरी काम निघायचं. लहानपणी आमच्या घरात हळू आवाजात बोलली जाणारी काही वाक्यं मी बॅगेत घालून जर्मनीपर्यंत आणली होती. ती मी कधी बाहेर काढली नाहीत. पण कस्टमवाल्यांनी विचारलं असतं, तर "जाहीर करण्यासारखं काही नाही" असं मला प्रामाणिकपणे म्हणता आलं नसतं.

स्वतःचं पिस्तूल घ्यायचं मेश्रामांनी ठरवलं तेव्हा मीही लगेच ठरवलं. त्याआधी इतकी वर्षं मला क्लबाचं चालत होतं. जर्मनीत हे काम सोपं नाही. परीक्षा, क्लबाचं पत्र, नियमित सरावाची नोंद, घरात तिजोरी, आणि या सगळ्याच्या वर सरकारला पटवायचं की तुम्हाला या शस्त्राची गरज आहे. माझी खरी गरज काय, ते लिहायला त्या फॉर्मवर जागा नव्हती. मी "खेळ" लिहिलं.

त्या दिवसांत मी अमेरिकन लोकांचे व्हिडिओ फार बघत असे. तिकडे माणसं कमरेला पिस्तूल लावून दुधाची पिशवी आणायला जातात, आणि त्या छोट्या पिस्तुलावर नेम कोणता असावा यावर तासन्‌तास भांडतात. एक पक्ष लोखंडी नेमाचा: मागे खाच, पुढे बोंड, दोन्ही एका रेषेत आणायचं. दुसरा पक्ष लाल टिपक्याचा: पिस्तुलावर अंगठ्याएवढी काच बसवायची, तिच्यात एक लाल टिपका तरंगतो, तो जिथे तिथे गोळी. मी दुसऱ्या पक्षात सामील झालो. माझं गणित साधं होतं. मेश्राम माझ्यापेक्षा चांगले नेमबाज होते, पण मेश्रामांकडे लोखंड असेल आणि माझ्याकडे काच असेल.

हाइलब्रॉनच्या दुकानात आम्ही दोघं एकत्रच गेलो. दोघांनी एकच पिस्तूल पसंत केलं, तेच कमरेला लावायचं छोटं. मी व्हिडिओंमुळे, मेश्रामांनी त्यांचा पंजा लहान म्हणून. दुकानदाराने ते कुलपाच्या पेटीतूनच न्यायचं, भरलेलं न्यायचं नाही, वाटेत कुठे थांबायचं नाही वगैरे ऐकवलं. मेश्राम माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "अमेरिकेत माणूस पिस्तूल घेऊन फिरते. इथं पिस्तूल माणसाले घेऊन फिरते, एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात."

मी टिपक्याची काच मागितली. दुकानदाराने मेश्रामांनाही विचारलं. त्यांनी बराच वेळ काच डोळ्यासमोर धरली, खाली ठेवली, पुन्हा धरली, आणि नको म्हणाले.

"काहून नको, ते विचारा ना," बाहेर आल्यावर ते म्हणाले. मी विचारलं नव्हतं. "माशीले सेल लागत नाही." पुढच्या बोंडाला ते माशी म्हणायचे. एनसीसीमध्ये हवालदाराने शिकवलेला शब्द. "सेल संपला तर दोष सेलचा. माशी हलली तर दोष आपला. मले आपला दोष बरा वाटते. तो दुरुस्त होते."

पुढच्या शनिवारी मी काचेतून पहिल्यांदा नीट नेम धरला. टिपका नव्हताच. ओल्या बोटाने कुंकू पुसावं तसा एक लाल फराटा होता, उजवीकडे वर गेलेला. मी काच पुसली. प्रकाश कमी केला. सेल बदलला. फराटा तसाच. मागे क्युब्लर आणि दोघं-तिघं उत्सुकतेने उभे होते, आणि मेश्रामही. क्युब्लरांनी विचारलं, "कसं काय?"

"झुपर," मी म्हणालो.

एकदा झुपर, म्हणजे फारच उत्तम, म्हटल्यावर परतीचा रस्ता नव्हता. मी फराट्याच्या खालच्या टोकाने नेम धरायला शिकलो. खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा बरं जमू लागलं, कारण निदान काहीतरी लाल समोर होतं. पण काच सदोष आहे असं वाटून मी ती गुपचूप कंपनीकडे परत पाठवली. तीन आठवड्यांनी ती आली, सोबत कागद: दोष आढळला नाही. मग एका मंगळवारी दुपारी, क्लबात कोणी नसताना, मी रिकामं पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि मोबाइलने काचेतून फोटो काढला. फोटोत टिपका गोल होता. डाळिंबाच्या दाण्यापेक्षाही लहान, स्वच्छ, गोल. मी काचेतून पाहत डोकं एका खांद्यावर कलतं केलं, तर फराटाही माझ्याबरोबर कलला. काच ठीक होती. फराटा माझ्या डोळ्यात होता. चष्मेवाल्याने नंतर सांगितलं की बुबुळावरचा पारदर्शक पडदा वाकडा असला की प्रकाशाचा ठिपका असाच ओढला जातो. चष्म्याने थोडं सुधारेल, पूर्ण नाही. चष्मा मी केला आणि मोटारीच्या कप्प्यात ठेवला. क्लबात घालून गेलो असतो तर लोकांनी कारण विचारलं असतं.

हे मी कोणालाही सांगितलं नाही. मृणाललाही नाही.

पुढच्या हिवाळ्यात मेश्रामांची वाटी मोठी होऊ लागली. आधी ताटली, मग ताट. त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. हात खाली आणण्याचं प्रमाणही वाढलं. दहा गोळ्यांसाठी ते वीस-वीस वेळा पिस्तूल उचलत आणि शेवटी दमलेल्या हाताने मारत. मी शेजारच्या खणातून पाहत असे. वाईट वाटलं असं लिहायला मला आवडलं असतं. वाटलं नाही. मला थंडीच्या दिवसात पाठीला ऊन लागल्यासारखं बरं वाटत होतं.

त्याच सुमारास आजूबाजूच्या सहा गावांच्या क्लबांची स्पर्धा ठरली. प्रत्येकी चारजणांचा संघ. नेम कोणताही चालणार होता, लोखंडी किंवा टिपका. आमचे तिघं ठरलेलेच होते. चौथी जागा मला किंवा मेश्रामांना, आणि ती दोन शनिवारच्या गुणांवर ठरणार, असं क्युब्लरांनी जाहीर केलं. मला आयुष्यात इतकी कुठलीच जागा हवीशी वाटली नव्हती. नोकरीच्या मुलाखतीलासुद्धा मी इतका बेचैन नव्हतो.

त्या आठवड्यात मेश्राम दुपारच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आले. थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला आणि खुर्ची ओढून बसले.

"परांजपे, एक विचाराचं होतं. माशी पाहिली तर कागद जाते. कागद पाहिला तर माशी जाते. डोळे म्हातारे होऊन राहिले." ते हसले, पण कसनुसं. "टिपक्यात म्हणे माशी पाहाचीच नसते. नुसतं कागदाकडे पाहाचं. मी घेऊ का तो टिपका? अजून दहा दिवस आहेत. बसवून होते."

मला उत्तर माहीत होतं. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं झालेल्या माणसाला टिपक्यासारखं दुसरं औषध नाही. मी तासन्‌तास तेच तर ऐकलं होतं. आणि मेश्रामांच्या हाताला टिपका मिळाला की पुन्हा वाटी होणार, हेही माहीत होतं.

"तुमच्यातून पाहू देता का एकदा?" ते म्हणाले. "शनिवारी?"

"सेल गेलाय त्याचा," मी म्हणालो. "मागवलाय."

"हाव का. मग तुम्हीच सांगा. तुम्ही वर्षभरापासून वापरून राहिले. टिपका कसा दिसते?"

"पसरलेला दिसतो," मी म्हणालो. "नुसता फराटा. मी बोललो नाही कुणाला, पैसे घालून बसलोय ना. पण तुम्ही पडू नका त्यात. जाहिरातीत दिसतो तसा गोलबिल काही नसतो."

मेश्राम माझ्याकडे अशा नजरेने पाहत राहिले की ती मी अजून विसरलेलो नाही. त्यांना माझी दया आली होती. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "बापा रे. आणि असं असून तुम्ही एवढं चांगलं मारता?" मग कप उचलले. "बरं झालं विचारलं. घरचा माणूस असला की खरं सांगते."

मी एकही शब्द खोटा बोललो नाही, अशी माझी मी नंतर कित्येक दिवस समजूत घालत होतो. टिपका पसरलेला दिसतो, हे खरंच होतं. फक्त कोणाला, तेवढं सांगायचं राहिलं होतं.

दोन शनिवारांचे मिळून मला तीन गुण जास्त पडले. मेश्रामांनी सगळ्यांआधी येऊन हात मिळवला. स्पर्धेच्या दिवशी ते थर्मास घेऊन आले, तीन थर्मास. "मी संघाचा चहावाला," म्हणाले. आमचा संघ पाचवा आला, सहांमध्ये. गुण लागल्यावर मी फलकाजवळ उभा राहून कोणी काही बोलतंय का याची वाट पाहत होतो. सगळे मेश्रामांच्या टेबलाभोवती जमले होते, परगावचे नेमबाजही. कोणीतरी आलं कुठलं वापरता ते विचारत होतं. हक्काची जागा मिळवूनही मला खिडकीजवळची खुंटी मिळाली नव्हती.

त्यानंतर दीडेक वर्षाने नागपूरला मेश्रामांची आई पडली. खुबा मोडला. त्या एकट्याच राहत होत्या. मेश्राम आणि त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी यांनी आठवड्यात निर्णय घेतला: परत जायचं, कायमचं. सामान विकलं, घर सोडलं, आणि पिस्तुलाचा प्रश्न आला. ते भारतात नेणं शक्य नव्हतं. परवाना असलेल्या कोणाला तरी द्यायला हवं होतं. क्युब्लरांना ते हवं होतं, त्यांनी तसं दोनदा सुचवलं. मेश्राम म्हणाले, परांजपेंना देणार.

"मला कशाला?" मी खरोखरच विचारलं.

"एकच पिस्तूल आहे आपलं. तुमच्या हाताले ओळख आहे. आणि तुमचा टिपका पसरते ना, तुम्हाले हे लोखंडीच बरं."

शेवटच्या शनिवारी आम्ही दोघं दुपारी लवकर गेलो. बाकी कोणी आलेलं नव्हतं. मेश्रामांनी त्यांच्या पिस्तुलाने दहा गोळ्या मारल्या, सावकाश. मग म्हणाले, "आज तरी तुमच्यातून पाहू द्या. आता काही माझी स्पर्धा नाही."

सेल गेलाय असं दुसऱ्यांदा म्हणता येईना. मी पिस्तूल पुढे केलं. त्यांनी उचललं, हात सरळ केला आणि थांबले. नेहमीसारखेच दोन-तीन श्वास. मग हात खाली आणला. पिस्तूल ठेवलं, हल्ली लागलेला चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, आणि पुन्हा उचललं. या वेळी फार वेळ उभे होते. मी शेजारच्या खणाच्या भिंतीवरचे नियम वाचत होतो, पाठ असलेले.

"गोल आहे ना हो," ते म्हणाले.

ते माझ्याकडे वळले. मी त्यांना कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते रागावल्यावर कसे दिसतात हे मला माहीत नव्हतं. डोळे लहान झाले होते. ते दीड वर्ष मागे जाऊन आले असावेत. माझ्या टेबलावरचा चहा, चौथी जागा, तीन गुण, सगळं एका रेषेत येताना मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. मी वाट पाहत होतो. जे काही असेल ते एकदाचं लागावं, असंही मला वाटत होतं.

मेश्रामांनी तोंड मिटलं. पिस्तूल उघडून रिकामं असल्याची खात्री केली आणि टेबलावर ठेवलं. माझ्या पिस्तुलाने त्यांनी एकही गोळी मारली नाही.

"चला," म्हणाले. "चहा थंड होऊन राहिला."

दोन्ही पेट्या त्यांनीच भरल्या, नेहमीप्रमाणे. ते काम ते मला कधी करू देत नसत. मी फडकं नीट घडी करत नाही अशी त्यांची तक्रार असे. सोमवारी लान्ड्राट्सआम्टमध्ये, म्हणजे जिल्हा कचेरीत, जाऊन आम्ही त्यांचं पिस्तूल माझ्या नावावर नोंदवलं. गुरुवारी मी त्यांना विमानतळावर सोडलं. वहिनींनी मृणालला मसाल्याचा डबा दिला. सई त्यांच्या कमरेला मिठी मारून म्हणत होती, "काका, काहून चालले तुम्ही?" त्यांनी माझा हात हातात घेतला, नेहमीइतकाच वेळ, ना कमी ना जास्त. मला वाटलं, सुटलो.

तीन आठवड्यांनी क्लबात माझी पेटी उघडली. फडक्याखाली कार्ड होतं.

वस्तू: पिस्तूल, परांजपे. नेम: टिपका. आकार: गोल. दोष: नाही. तपासणारा: मेश्राम.

शेऱ्याची ओळ कोरी होती. मेश्रामांनी शेरा लिहिला नाही असं एकही कार्ड मी पाहिलं नव्हतं. थर्मासच्या झाकणाबद्दलही त्यांचं मत असे. मी कार्ड खिडकीशी नेलं. शेऱ्याच्या ओळीच्या सुरुवातीला पेन्सिल टेकवल्याची बारीकशी खूण होती. टेकवली होती आणि उचलली होती.

त्यांच्या पेटीतही कार्ड होतं. त्यावर शेरा होता: "पंचवीस मीटरवर किंचित डावीकडे जाते. सांभाळून घेणे."

आता मी त्यांच्याच पिस्तुलाने मारतो. माझ्या वाकड्या डोळ्याला लोखंडी बोंड सरळ दिसतं. चष्माही घालतो. गेल्या हिवाळ्यात माझा कागद पाहून क्युब्लर म्हणाले, "अगदी मेश्रामसारखं." चार वर्षं मी ज्या शब्दांसाठी झुरलो होतो ते असे मिळाले. त्यांचा मग अजून खिडकीजवळच्या खुंटीवर आहे. काढायचा नाही असं ठरलं. मीही हात वर केला होता.

महिन्या-दोन महिन्यांनी आमचं फोनवर बोलणं होतं. आईंचं चालणं, नागपूरचं ऊन, क्युब्लरांचा गुडघा. मग सई फोन ओढून घेते आणि दाराआड वीस मिनिटं मराठी बोलते. मी बाहेर उभा राहून ऐकतो, आणि अजूनही जळतो. दर वेळी मी तो विषय उचलतो, दोन-तीन श्वास धरतो आणि खाली ठेवतो. पण त्यांच्या न मारण्यात आणि माझ्या न मारण्यात फरक आहे, एवढं मोजमाप मला कळतं. त्यांनी माझ्यावर नेम धरला होता आणि तो पुरता बसला होता, तरी त्यांनी हात खाली घेतला. मी भीतीने घेतो. त्या हात खाली घेण्याचा मला जितका हेवा वाटतो, तितका कधी त्यांच्या वाटीएवढ्या नेमाचाही वाटला नव्हता.

फोनवर जमत नाही म्हणून लिहून टाकतो. मृणाल त्यांना दिवाळीचं पाकीट पाठवणार आहे, त्यात हे कागद जातील. टिपका गोल आहे, मेश्राम. तो आधीपासून गोलच होता, आणि ते मला तेव्हा माहीत होतं. पसरलेला मला दिसतो.